कोरी पाने कोणी भरावयाची?

(जुन्नर-आंबेगाव भागातील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



२०२३-२४ च्या शालेय वर्षात महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांच्या पाठ्यपुस्तकांत एक नवलाची गोष्ट घडली. धड्यांच्या मध्ये कोरी पाने आली. दप्तराचे ओझे कमी व्हावे आणि ज्यांना वह्या परवडत नाहीत त्या मुलांची सोय व्हावी, असा हेतू सांगण्यात आला. दोन वर्षे गेली. अपेक्षित उपयोग होत नाही, असे म्हणून २०२५ च्या आरंभी शासनाने ती पाने काढून टाकण्याचे ठरविले. पाने आली ती शासननिर्णयाने, गेली तीही शासननिर्णयाने. या येरझाऱ्यात एक विचार मात्र कोठेच नव्हता: आहुप्याच्या शिक्षकाने या पानावर आहुप्याचे काही लिहवून घ्यावे आणि नारायणगावच्या शिक्षकाने नारायणगावचे. राज्याच्या पुस्तकात पहिल्याने थोडी जागा रिकामी सुटली होती. ती भरण्याचा अधिकार कोणाचा, हे कोणी बोलले नाही.

अभ्यासक्रमाचा प्रश्न हा असा अधिकाराचा प्रश्न आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाला अध्यापनपद्धती निवडण्याची मोकळीक असावी, असे म्हटले आहे. परंतु कसे शिकवावे याची मोकळीक निराळी आणि काय शिकवावे हे ठरविण्याचा अधिकार निराळा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमाने अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची रीत ठरविण्याचे काम शासनाने नेमलेल्या शैक्षणिक प्राधिकरणाकडे सोपविले. त्याच कलमात मुलाने कृतीतून आणि शोधातून शिकावे, शक्य तेथवर मातृभाषेतून शिकावे, असेही म्हटले आहे. कलमाचा पूर्वार्ध काटेकोरपणे अमलात आला. उत्तरार्ध प्रशिक्षणवर्गांच्या भिंतींवर टांगला गेला.

अर्थशास्त्रात श्रमविभागणीची चर्चा करताना गिरणीचा दाखला देतात. आराखडा एकाने करावयाचा आणि हात दुसऱ्याने चालवावयाचे. कापडाच्या बाबतीत याचा हिशेब उत्पादनाच्या आकड्यांत मांडता येतो. शाळेत हीच विभागणी आणली म्हणजे शिक्षक हा पुण्याहून आलेला माल वर्गात पोचविणारा हमाल होतो, आणि ज्याला स्वतःला ठरविण्याचा अधिकार नाही असा माणूस मुलांना विचार करावयास शिकवील, अशी अपेक्षा बाळगली जाते. बालभारतीची स्थापना १९६७ साली झाली आणि पाठ्यपुस्तक स्वस्त झाले, राज्याच्या कानाकोपऱ्यात पोचले. त्या कामाचे मोल समाजवाद्यांनी तरी कमी लेखू नये. पण स्वस्त पुस्तक ही एक गोष्ट झाली. त्या पुस्तकापुढे शिक्षकाने मुका होणे हे त्याचे मोल नव्हे.

२०२५ साली पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेचे जे प्रकरण घडले त्यात हे उघड झाले. १६ एप्रिलला हिंदी अनिवार्य करणारा निर्णय निघाला, १७ जूनला त्यात शब्दांचा फेरफार झाला, आणि लोकमत खवळल्यावर २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले. अडीच महिन्यांत तीन वळणे. लेखक, भाषातज्ज्ञ, पक्ष, संघटना यांनी हा लढा दिला आणि जिंकला, ही समाधानाची गोष्ट. पण पहिलीच्या वर्गात ज्या शिक्षिका रोज सहा वर्षांच्या मुलांपुढे उभ्या राहतात, त्यांचे मत आधी घेण्याची काही नियमित पद्धत असती, तर हा निर्णय निघताच ना.

आता हा प्रश्न या दोन तालुक्यांच्या जमिनीवर उतरवून पाहावयास हवा. तिसरीच्या मुलांसाठी परिसर अभ्यासाचे जिल्हावार पुस्तक काढण्याची चांगली रीत महाराष्ट्राने पाडली आहे. परंतु जिल्हा हे माप फार मोठे आहे. एकट्या आंबेगाव तालुक्यात पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरात भाताची खाचरे फुटतील एवढा पाऊस, मध्ये सातगाव पठारावर बटाट्याचे पीक, मंचरची बाजारपेठ, आणि पूर्वेला लोणी-धामणीकडे पाण्याची ओढ. जुन्नरमध्ये घाटघर, नाणेघाटाकडचा पावसाळा आणि आणे पठारावरचा कोरडेपणा यांत एका दिवसाचेही अंतर नाही. एकाच तालुक्यातील दोन मुलांना 'आपला पाऊस' या शब्दांचा अर्थ वेगवेगळा लागतो.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. १५१ माणसे गेली. अतिवृष्टी हे कारण उघड होते. त्याखेरीज झाडतोड आणि उतारावरील जमीन यंत्राने सपाट करणे यांचीही चर्चा पुष्कळ झाली. नवे माळीण २०१७ साली वसले. या घटनेनंतर मदत आली, समित्या आल्या, दरडप्रवण गावांची पाहणी झाली. अभ्यासक्रमात काय आले? दरड कोसळणे हा नैसर्गिक आपत्तींच्या यादीतला एक शब्द आहे, भूकंप आणि त्सुनामी यांच्या पंक्तीत बसलेला. मूल त्याची व्याख्या लिहिते आणि गुण मिळविते. वाडीमागच्या उताराला नवी भेग पडणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, झाडे एका अंगाला कलणे या खुणा डोंगरातील जाणत्या माणसांना ठाऊक असतात. त्यांची नोंद चौथीच्या मुलाने ठेवावी, ती शिक्षकाने तपासावी आणि ग्रामपंचायतीत वाचली जावी, हा अभ्यासक्रम होऊ शकत नाही काय? पाऊस महसूल मंडळाच्या ठिकाणी मोजला जातो. डोंगराच्या कुशीतल्या वाडीवर त्या रात्री किती पडला, हे तेथील शाळेने मोजले नाही तर दुसरे कोणी मोजणार नाही.

याच भागात पडकईची रीत आहे. आळीपाळीने एकमेकांच्या शेतावर राबून, उतारावर दगडाचे बांध घालून भातखाचरे घडवावयाची. पैसा हातात नसलेल्या समाजाने श्रम एकत्र करून जमीन निर्माण केली. भांडवलनिर्मितीचे इतके चोख उदाहरण अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सापडणे कठीण. हाताने घातलेला बांध पाणी कसे जिरवितो आणि कसे वाहू देतो, यंत्राने खरवडलेल्या उताराचे काय होते, हा भूगोलाचा, पदार्थविज्ञानाचा आणि अर्थकारणाचा एकत्र धडा आहे. शिक्षकाने निकाल देण्याचे कारण नाही. मुलांना दोन्ही बांध नेऊन दाखविले तरी पुरे.

डिंभे धरणाची कथाही अशीच. ज्या आंबेगावाने तालुक्याला नाव दिले ते गाव घोड नदीवरील या धरणाच्या पाण्याखाली आहे; तालुक्याचे कामकाज घोडेगावाहून चालते. कुकडी प्रकल्पातील पाच धरणे म्हणजे येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. त्यांचे पाणी कालव्यांनी पूर्वेकडे जाते, नगर आणि सोलापूर जिल्ह्यांपर्यंत पोचते. पुस्तकात धरणाचे फायदे येतात: सिंचन, वीज, मत्स्योत्पादन. ते खरेही आहेत. नारायणगावचा टोमॅटो आणि पूर्वेकडचा ऊस त्या पाण्यावर उभा आहे. पण ज्यांची जमीन बुडाली त्यांच्या वाड्यांना पाणी चढत नाही, हाही त्या नकाशाचा भाग आहे. आणि येथील आदिवासी केवळ रडत बसले नाहीत. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेच्या साथीने त्यांनी पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन कसण्यासाठी झगडा केला, जलाशयात मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. २०१२ साली या कामाला आंतरराष्ट्रीय 'इक्वेटर' पुरस्कार मिळाला. जगाने दखल घेतली. परिसर अभ्यासाच्या तासाला मात्र त्याच वाडीतले मूल 'धरणाचे फायदे लिहा' या प्रश्नाचे उत्तर पाठ करते.

हिरड्याचे उदाहरण अर्थशास्त्राच्या अंगाने अधिक बोलके आहे. महादेव कोळी कुटुंबाच्या वर्षाच्या रोख मिळकतीत बाळहिरड्याचा वाटा मोठा. उन्हाळ्यात घरातली मुलेही वेचावयास जातात. ओला माल वाळल्यावर किती भरतो, व्यापाऱ्याचा काटा काय सांगतो, उचल घेतली असेल तर भाव कोण ठरवितो, हे नऊ वर्षांच्या मुलाला अनुभवाने कळते. १९७६ च्या कायद्याने आदिवासी भागात एकाधिकार खरेदीची व्यवस्था आली ती व्यापाऱ्याच्या याच काट्यामुळे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर आदिवासींचा मालकी हक्क मान्य केला. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडे उन्मळून पडली आणि भरपाईसाठी या दोन तालुक्यांत आंदोलन करावे लागले. एवढे सारे ज्या फळाभोवती घडते, ते फळ शाळेच्या फाटकाबाहेर राहते. गणिताच्या पुस्तकात शेकडेवारी येते ती दुकानातल्या सवलतीची. ओल्या हिरड्याची सुकवणी किती टक्के, हे उदाहरण घातले तर गणिताचा तास कोणत्या मुलाला जड जाईल?

बिबट्याचे उदाहरण ओझरते सांगावयाचे. जुन्नर वनविभागात २००१ पासून पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्यात येऊ लागले, आणि माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले, असे विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसून आले. सद्हेतूने केलेला उपाय आकड्यांनी खोटा ठरविला. शास्त्रीय दृष्टी म्हणतात ती हीच, आणि ती उसाच्या बांधावर उपलब्ध आहे.

जुन्नर तालुक्यात आळे येथे रेड्याची समाधी आहे. ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले तो रेडा, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. कथा घडली की न घडली हा वाद राहू द्या. ज्ञानावर मक्तेदारी सांगणाऱ्यांना दिलेले ते उत्तर होते, हा तिचा आशय कोणालाही कळतो. आमच्या शाळांनी ती कथा उलटी फिरविली आहे: तेथे रेडा बोलता झाला, येथे बोलत्या मुलांना न कळणारे घोकावयास लावतात.

या विषयाला महाराष्ट्रात जुना आणि थोर वारसा आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षणात हिशेब, शेतीची व आरोग्याची माहिती असावी आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, असे मागितले. गरज पडल्यास नांगर धरू शकेल असा शिक्षक त्यांना हवा होता. अभ्यासक्रम आणि शिक्षक हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे मानले नाहीत, यात त्यांची दृष्टी दिसते. पुढे १९३७ साली वर्ध्याला नयी तालीमची कल्पना मांडली गेली. कल्पना मोठी होती. पण अनेक ठिकाणी ती शिक्षकाकडे पोचली ती परिपत्रकाच्या रूपाने; मग साहेब तपासणीला आले की टकळ्या बाहेर निघत आणि साहेब गेले की पेटीत जात. वरून आलेली क्रांती अशी पेटीत जाते.

खालून उभे राहिलेले काम कसे असते याची दोन उदाहरणे पुरेत. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत १९७२ साली विज्ञान शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला आणि १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने तो सांभाळला. साधने साधी, घरगुती. पुस्तकात उत्तरे नव्हती, प्रयोग होते. शिक्षक दर महिन्याला एकत्र बसत, वर्गात काय फसले ते सांगत, आणि त्यांच्या सांगण्यावरून पुस्तकात दुरुस्त्या होत. सर्वांत महत्त्वाचे असे की परीक्षाही बदलली: पुस्तक उघडे ठेवून उत्तरे लिहावयाची, आणि प्रयोग करून दाखवावयाचा. ३० वर्षे हे चालले. २००२ साली राज्य शासनाने ते बंद केले. देशातल्या शास्त्रज्ञांनी निषेध नोंदविला, त्याचा उपयोग झाला नाही.

दुसरे उदाहरण घरचे. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील सुमारे ४० जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक यांनी ज्ञानरचनावादी पद्धती स्वतःच्या वर्गात उभी केली. महाराष्ट्रातून शिक्षकांच्या झुंडी ते पाहावयास गेल्या. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा शासनाचा कार्यक्रम आला आणि राज्यभर शाळांच्या फरशा रंगल्या. फरशीवरचा रंग घाटमाथ्यापर्यंत पोचला. रंगामागे जी शिक्षकांची आपसातली चर्चा होती ती मात्र फार थोड्या ठिकाणी पोचली. याचा दोष कुमठ्याच्या शिक्षकांना नाही.

या दोन्हींतून जे दिसते ते असे. एकटा शिक्षक कितीही कल्पक असला तरी त्याचे काम त्याच्या बदलीबरोबर संपते. महिन्याकाठी बसणारा शिक्षकांचा गट असेल तर ते टिकते. आणि मूल्यमापन जोवर हाती नाही तोवर नवीन काहीही 'जादाचे' ठरते. पालक विचारतात, हे परीक्षेला आहे का?

आता गंमत अशी की या दोन्ही गोष्टी कागदावर शिक्षकाच्या हाती आल्या आहेत. प्रत्येक केंद्रात दरमहा शिक्षण परिषद भरते. तिचा कार्यक्रम वरून येतो, माहितीचे तक्ते भरण्यात दुपार जाते, हे खरे. पण परिषदेतला एक तास शिक्षकांनी आपला म्हणून मागितला, तर तो नाकारण्याचे धैर्य कोणता अधिकारी दाखवील? मूल्यमापनाचेही तसेच. २०१० च्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या निर्णयाने तिसरी-चौथीच्या १०० गुणांपैकी ६० गुण आकारिक मूल्यमापनाला दिले: निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प. हे गुण शिक्षकाने द्यावयाचे. २०२३ पासून राज्यस्तरावरून छापील चाचण्या येऊ लागल्या त्या प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजीच्या. परिसर अभ्यास त्यात नव्हता. म्हणजे ज्या विषयात माळीण, डिंभे आणि हिरडा येऊ शकतात, नेमक्या त्याच विषयाचे दार उघडे राहिले. त्या दारातून आत गेलेले शिक्षक आहेत, पण विखुरलेले. बाकीच्यांनी बाजारातून तयार प्रश्नपत्रिका विकत आणल्या. वीस-वीस रुपयांना शिक्षकाने आपला अधिकार विकून टाकावा, यासारखे दुःख नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मंचर-नारायणगावच्या मुलाने शिष्यवृत्तीची तयारी करावी, पुण्याच्या मुलाने संगणक शिकावा, आणि आदिवासी मुलाने तेवढा हिरडा मोजत बसावे काय? वाडीतला पालक हाच प्रश्न विचारतो आणि ऐपत नसताना इंग्रजी शाळेच्या गाडीचे पैसे भरतो. त्याचा संशय इतिहासाने सार्थ ठरविला आहे. 'तुमच्यासाठी तुमच्या जोगे शिक्षण' असे म्हणून वरच्या वर्गांनी बहुजनांना दुय्यम शिक्षण दिल्याची उदाहरणे थोडी नाहीत. म्हणून स्थानिक अभ्यासक्रमाची कसोटी कडक ठेवावी लागेल. हिरड्यापासून निघालेले मूल शेकडेवारीपर्यंत, त्यातल्या रसायनांपर्यंत, जगाच्या बाजारभावापर्यंत आणि वनहक्क कायद्याच्या कलमापर्यंत पोचले पाहिजे. हिरड्यापाशीच थांबणार असेल तर तो धडा नको. खोडदच्या महाकाय दुर्बिणीच्या ३० तबकड्या याच तालुक्याच्या आसपास पसरल्या आहेत, दर २८ फेब्रुवारीला तेथे विज्ञान प्रदर्शन भरते, शाळांची मुले जातात. त्या दुर्बिणीपर्यंत जाणारा रस्ता वाडीतल्या शाळेतूनही निघतो, एवढे सिद्ध करणे शिक्षकाचे काम आहे.

दुसरी अडचण खुद्द शिक्षकाची. डोंगरातल्या शाळेचा शिक्षक बहुधा मंचर, घोडेगाव, जुन्नरला राहतो. पडकई, गाळपेर, बाळहिरडा या बाबतींत त्याच्यापेक्षा मुलाच्या आजीला अधिक कळते. मुलाची बोली त्याला अशुद्ध वाटते. अभ्यासक्रमाचे नेतृत्व करावयाचे तर या शिक्षकाला आधी त्या आजीपुढे पाटी घेऊन बसावे लागेल, आणि हे पदवीधर माणसाला जड जाते. शिवाय निवडणुका, सर्वेक्षणे, रोजची ऑनलाइन माहिती यांतून उरलेल्या वेळात त्याने हे करावयाचे. कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच शिक्षणेतर कामे मान्य केली. प्रत्यक्षात काय चालते ते येथील शिक्षक जाणतात. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचे बेत मधूनमधून डोके वर काढतात, आणि तसे झाले तर पहिल्या बुडतील त्या याच डोंगरातल्या शाळा.

शिक्षकांच्या संघटना या राज्यात दुबळ्या नाहीत. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला त्यात शिक्षक मोठ्या संख्येने उतरले. मागणी न्याय्य होती. पण संघटनांच्या मागणीपत्रांत अभ्यासक्रमाचे कलम शोधूनही सापडत नाही. वेतन आणि बदली यांच्या खाली एक ओळ लिहावयास हवी: केंद्राच्या शिक्षण परिषदेला स्थानिक घटक ठरविण्याचा अधिकार असावा, आणि त्या घटकासाठी काम करणाऱ्या शिक्षकाला त्रास झाला तर संघटना त्याच्या पाठीशी उभी राहील.

पक्षाच्या कार्यकर्त्याने शिक्षकाला उपदेश करू नये. तो त्याला पुष्कळ मिळतो. कार्यकर्त्याला दुसरे काम आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, त्यांतले बहुतेक सहीपुरते. जुन्नर आणि आंबेगावचा पश्चिम पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथील ग्रामसभेला सामाजिक क्षेत्रातील संस्थांवर देखरेखीचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्यात गृहीत धरला आहे. शाळेत काय शिकवितात हा विषय ग्रामसभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर कितीदा आला? तो आणावा. शिक्षकाने आजीला वर्गात बोलावले तर ती यावी, एवढे पाहावे.

पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या सुट्टीपूर्वी होते. जून ते ऑक्टोबर हेच डोंगरातल्या पावसाचे दिवस. पाऊस मोजण्याचे भांडे पत्र्याच्या डब्याचे आणि मोजपट्टीचे करता येते, त्याला शासननिर्णय लागत नाही. एका केंद्रातल्या दहा शाळांनी पाच महिने रोज सकाळी तो आकडा एका वहीत लिहिला, आणि परिसर अभ्यासाच्या प्रश्नपत्रिकेत त्या वहीवरून एक प्रश्न विचारला, तर ऑक्टोबरात त्या केंद्राच्या शिक्षण परिषदेपुढे ठेवण्यासारखे काही तरी असेल.